दिव्यांग मुलांचा हिशेब शाळा समितीच्या सभेत वाचा

महोदय,

विदर्भात जूनअखेर शाळा उघडतात आणि पूर्वेकडच्या धानपट्ट्यात पाठोपाठ रोवणी, म्हणजे भातलावणी, लागते. शाळा व्यवस्थापन समितीची सभा नेमकी याच दिवसांत दुपारी ठेवली की पालक धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, असतात आणि नोंदवही घरोघरी फिरून सह्या गोळा करते. त्या इतिवृत्तात दिव्यांग विद्यार्थ्यांचा विषय आलाच तर एका ओळीत संपतो: 'दिव्यांग विद्यार्थ्यांना सर्व सुविधा देण्यात येत आहेत.' कोणत्या सुविधा, किती जणांना, कोणत्या तारखेला, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

मूल दिव्यांग आहे ही नोंद शाळा यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहिती प्रणालीत करते. पुढची तरतूद याच नोंदीवर चालते. शालेय शिक्षणाच्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरता येते. हे सगळे पैसे पालकाच्या हातात येत नाहीत. येतात असा गैरसमज गावोगाव आहे आणि त्यातून शिक्षकांशी विनाकारण वाद होतात. या तरतुदीतून साहित्य, तपासणी शिबिरे, प्रवास आणि मदतनीस भत्ता असा खर्च भागवायचा असतो. दिव्यांग मुलींचा महिना २०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता मात्र थेट खात्यात यायला हवा. तो अडकण्याची कारणे साधी असतात. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत दुसरे, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर, तिसरे. किंवा मुलीची दोन खाती असतात. आधारवरून पाठवलेला पैसा ज्या बँकेत सर्वांत शेवटी आधार जोडले तिथे जातो आणि पालक जुन्या पासबुकात नोंद शोधत बसतात. 'रक्कम परत गेली' असा शेरा कार्यालयात पडलेला असतो, पण तो शाळेपर्यंत आणि शाळेतून घरापर्यंत पोहोचत नाही.

साहित्याचे तर विचारूच नका. वाटपाच्या यादीत 'श्रवणयंत्र, १ नग' अशी नोंद झाली की काम संपले असे धरले जाते. खरे काम तिथून पुढे आहे. कानात बसणारा साचा, ज्याला मोल्ड म्हणतात, तो मुलाच्या कानाच्या मापाचा लागतो. मूल वाढते, कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. वर्गात आवाज नको म्हणून ते काढून ठेवायला सांगतात आणि ते दप्तरातच राहते. त्यातली गोल बॅटरी मागची चिकटपट्टी काढली की उतरायला लागते, वापरा किंवा नका वापरू. एक-दोन आठवड्यांत नवी लागते आणि ती गावच्या किराणा दुकानात मिळत नाही. म्हणून यादीत वाटपाच्या तारखेसोबत साचा कधी बदलला आणि बॅटऱ्या किती दिल्या हे दोन रकाने हवेत. चाकाच्या खुर्चीचेही तेच: शिबिरात माप घेतल्यापासून खुर्ची हातात पडेपर्यंत मूल त्या मापाचे राहिलेले नसते.

रॅम्पसाठी मोजपट्टी पुरेशी आहे. प्रमाण १:१२, म्हणजे शाळेचा ओटा २ फूट उंच असेल तर उतार २४ फूट लांब हवा. आठ-दहा फुटांत उरकलेल्या उतारावर खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना आवरत नाही. पटांगणात जागा नाही म्हणतात, तर मध्ये सपाट टप्पा देऊन उतार वळवता येतो. कागदोपत्री मात्र दोन्ही रॅम्पपुढे 'आहे' हेच लिहिलेले असते. दिव्यांगांच्या शौचालयाला कुलूप लावून आत पोषण आहाराचे तांदूळ ठेवले, तरी 'आहे'च.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात एक गोष्ट हमखास सुटते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नुसता वाहक असणे दिव्यांगत्व नव्हे, पण आजार असलेल्या मुलाची नोंद व्हायला हवी. ती नसली की हे मूल हजेरीपटावर निव्वळ 'अनियमित' ठरते. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात चार ओळी पुरतात: पाणी जवळ, लघवीला जायची मोकळीक, उन्हात कवायत नाही, दुखण्यात बुडालेले पाठ कोण भरून देणार त्याचे नाव.

हा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणजे खरा कळीचा कागद. तीन महिन्यांत मूल काय शिकेल, कोण शिकवेल, कसे तपासायचे, हे त्यात असते. दहा मुलांचे आराखडे शब्दशः सारखे असतील तर ते नक्कल करून भरले आहेत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दोष एकट्या विशेष शिक्षकाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाचा, नाही. एकेक जण तालुक्याचा मोठा तुकडा फिरतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ आणि त्यावरील वर्गांना १५ मागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. आपल्या तालुक्यात ते किती आहे, हा आकडा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने दरवर्षी जाहीर करावा. घरी शिकणाऱ्या तीव्र दिव्यांग मुलांच्या भेटवहीवर प्रत्येक भेटीला पालकाची सही किंवा अंगठा घ्यावा.

मुलांची नावे भिंतीवर लावा असे आमचे म्हणणे नाही; ती खासगी बाब आहे. फलकावर फक्त संख्या लावा: नोंदलेली मुले, विशेष शिक्षकाच्या भेटी, मिळालेले व बाकी भत्ते, साहित्य. प्रत्येक मुलाचा आराखडा व नोंदी त्याच्या पालकाला दाखवून एक प्रत द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचे कामच आहे. कोणावर मेहेरबानी होत नाही.

तोंडी मागून मिळाले नाही, तर माहिती अधिकार आहे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० पर्यंत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. 'दिव्यांगांबाबत सर्व माहिती द्या' असे लिहिले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. 'भत्ता का दिला नाही' असे विचारले की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असे उत्तर येते. कागदाचे नाव घेऊन मागावे: अमुक शाळेतील विशेष शिक्षक भेट नोंदवहीची अमुक वर्षाची छायाप्रत. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.

यातले बहुतेक काम सभेतच होऊ शकते. रोवणीच्या दिवसांत तेवढी सभा संध्याकाळी सातनंतर ठेवावी, आणि नोंदवही शाळेतच राहू द्यावी.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांतील काही पालक सदस्य,
चंद्रपूर जिल्हा