काकालाही ‘वडील’ म्हणणारे समाज

संपादक महोदय,

ज्या समाजात वडील आणि काका यांना एकच शब्द वापरतात, तेथे खरा बाप कोण हेच ठाऊक नसावे, असा समज अजूनही अधूनमधून वाचायला मिळतो. तो चुकीचा आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७१ मध्ये नातेवाचक शब्दांच्या ‘वर्गवाचक’ (वडील-काका अशा नातेवाइकांना एकच शब्द) आणि ‘वर्णनात्मक’ (त्यांना वेगवेगळे शब्द) अशा दोन पद्धती मांडल्या, ही मोठीच कामगिरी; मात्र हवाई बेटांवरील शब्दांवरून त्यांनी प्राचीन समूहविवाहाचा जो निष्कर्ष काढला, तो पुढे टिकला नाही. पिढी, लिंग, वय, रक्ताचे की विवाहाचे नाते अशा मोजक्या निकषांतून प्रत्येक भाषा आपली निवड करते, असे मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९०९ मध्ये दाखवले.

मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी रूढ केलेल्या नातेवाचक शब्दपद्धतींच्या सहा प्रकारांपैकी मला क्रो (उत्तर अमेरिकेतील एका आदिवासी जमातीच्या नावावरून) हा प्रकार सर्वांत उद्बोधक वाटतो. तेथे आत्या आणि तिची मुलगी यांना एकच शब्द आहे, आणि आत्याच्या मुलाला, तो वयाने लहान असला तरी, चक्क ‘वडील’ म्हणतात. हा पिढ्यांचा गोंधळ नव्हे. वंश आईकडून मोजला, की वडील, आत्या आणि आत्याची मुले एकाच कुळातली ठरतात, आणि बाहेरच्याला ते कुळ एकसंध दिसते, असे स्पष्टीकरण ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी दिले. अर्थात, सगळ्याच मातृवंशीय समाजांत ही पद्धत आढळत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक