स्वेत्लानोव्ह नुसते कंडक्टर नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रशियन संगीतावरचा लेख आवडला. मात्र येवगेनी स्वेत्लानोव्ह यांची त्यात ‘थोर कंडक्टर’ (म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक) या दोन शब्दांत बोळवण झाली. ते स्वतः संगीत लिहीत, याचा लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

मी जाणकार नाही, जुन्या तबकड्या जमवणारा निवृत्त माणूस आहे. रशियन लिपी जेमतेम लागते. मेलोदिया या सोव्हिएत कंपनीच्या एका तबकडीवर संगीतकार आणि संचालक या दोन्ही ठिकाणी एकच नाव दिसले, तेव्हा मला ती छापखान्याची चूक वाटली होती! तबकडी लावली आणि गैरसमज गेला.

स्वेत्लानोव्ह (१९२८–२००२) यांचे आईवडील दोघेही मॉस्कोच्या बोल्शॉय या ऑपेरा-बॅलेच्या थिएटरात होते. त्यांनी रचनेचे शिक्षण आधी मिखाईल ग्नेसिन आणि मग मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत युरी शापोरिन यांच्याकडे घेतले. संचालनाचे धडे अलेक्सांद्र गाऊक यांनी दिले. म्हणजे रचना हा त्यांचा फावल्या वेळचा छंद नव्हता, ती रीतसर तालीम होती. बी मायनर या पट्टीतली त्यांची सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी, अनेक भागांची रचना) १९५६ची, म्हणजे बोल्शॉयचे प्रमुख संचालक होण्याच्या कितीतरी आधीची. पुढे १९६५ ते २००० अशी पस्तीस वर्षे ते सोव्हिएत (नंतर रशियन) राज्य सिम्फनी वाद्यवृंद सांभाळत राहिले. मिआस्कोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या सत्तावीसच्या सत्तावीस सिम्फनी ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसाला स्वतःच्या कागदांसाठी किती वेळ उरत असेल?

त्यांच्या संगीतावरचा नेहमीचा आक्षेप असा की ते उसने वाटते. आक्षेप अगदीच खोटा नाही. १९७६चा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) सी मायनरमध्ये आहे, राखमानिनोव्ह या आधीच्या पिढीतल्या रशियन संगीतकाराच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचीच पट्टी, आणि ऐकताना ती सावली जाणवतेच. शोस्ताकोविच या आधुनिक वळणाच्या संगीतकाराची दहावी सिम्फनी (१९५३) येऊन गेल्यावरही हा माणूस जुन्या वळणाचे लांब, भरघोस स्वर लिहीत होता. पण त्याला ती भाषा परकी कुठे होती? रोज सकाळी तालमीला तेच स्वर हातात असत. त्याने मुद्दाम आधुनिक होऊन दाखवले असते तर तेच मला जास्त उसने वाटले असते.

शिवाय १९७५कडे पाहा. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोन माणसे गेली होती: व्हायोलिनवादक दाविद ओइस्त्राख आणि लेखक-दिग्दर्शक-नट वासिली शुक्शिन. ओइस्त्राख यांच्या स्मरणार्थ स्वेत्लानोव्ह यांनी व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी ‘पोएम’ लिहिली, शुक्शिनसाठी ‘कालिना क्रास्नाया’ हे सिम्फनिक काव्य (वाद्यवृंदासाठीची एकसलग रचना), त्याच्याच चित्रपटाचे नाव घेऊन. ‘पोएम’मध्ये व्हायोलिन कसरत करत नाही. गेलेल्या माणसाबद्दल कुणी हळू आवाजात बोलत राहावे तसे ते वाजते, आणि मागचा वाद्यवृंद ऐकून घेतो. माझ्या मते त्यांची सर्वांत चांगली रचना हीच. सिम्फनी मला थोडी पसरट वाटते, हेही सांगून टाकतो.

दुटप्पीपणा मात्र खटकतो. राखमानिनोव्ह १९०४ ते १९०६ या काळात त्याच बोल्शॉयमध्ये संचालन करत होते. त्यांना कुणी ‘रचना करणारा कंडक्टर’ म्हणत नाही. निकोलाय गोलोवानोव्ह यांचे नशीब तर त्याहून वाईट. तेही बोल्शॉयचे प्रमुख संचालक, पण त्यांनी लिहिलेले चर्चसंगीत सोव्हिएत काळात जाहीरपणे गाण्याची सोयच नव्हती. नाव राहिले ते संचालक म्हणून. एकदा कपाळावर चिठ्ठी चिकटली की ती निघत नाही.

एक विनंती आपल्या वृत्तपत्रातून पोहोचावी. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याचे संगीत दिग्दर्शक मरात बिसेनगालिएव्ह स्वतः व्हायोलिनवादक, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेले. चायकोव्हस्की आणि राखमानिनोव्ह त्यांनी वाजवावेतच, पण एखाद्या संध्याकाळी मध्यंतराआधी ती ‘पोएम’ही वाजवावी. मी पुण्याहून येईन, तिकीट काढून.

आपला,
एक वाचक, पुणे