शोकेसचा वरचा भाग परत घेते

माशेल
शुक्रवार दुपार

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

काल बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारातून मिरच्या आणल्या. त्या अंगणात वाळत घातल्या, सोलांना दुसरं ऊन दाखवलं आणि आता पडवीत बसून तुला लिहितेय. फोनवर हे बोलले असते तर तू मध्येच "असू दे गं आई" म्हणाला असतास आणि मीही गप्प बसले असते. कागदावर मला पूर्ण बोलता येतं.

विषय तुमच्या हॉलचा आहे.

मागच्या आठवड्यात पर्वरीला तुमच्याकडे राहिले, तेव्हा एक दुपार अशी गेली की तेव्हापासून मन जाग्यावर नाही. तू ऑफिसात होतास, सूनबाई आत बिछान्यावर लॅपटॉप घेऊन काम करत होती, आणि मी सोफ्यावर बसून लसूण सोलत होते. आपली बाय रांगत रांगत शोकेसपाशी गेली. आधी खालच्या ड्रॉवरच्या मुठीला हात घातला. ड्रॉवर जरा बाहेर आला तशी तिने दोन्ही हातांनी त्याची कड धरली आणि उभी राहिली. पहिल्यांदाच कुणी धरलेलं नसताना उभी राहिली! माझ्याकडे वळून हसली. मी हात पुढे करणार तोच वरच्या काचेआडची ग्लासं किणकिणली. अगदी हलकी, ट्रक रस्त्यावरून गेला की वाजतात तशी. पण खाली रस्त्यावर ट्रक नव्हता. तिच्या वजनाने अख्खी शोकेस केसभर पुढे झुकली होती.

मांडीवरची ताटली कुठे पडली ते मला आठवत नाही. बायला उचललं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. सूनबाई बाहेर आली, तिला म्हटलं लसूण सांडला. खरं सांगायचं धैर्य झालं नाही. ते आज सांगते, तिलाही वाचून दाखव.

घरी आल्यावर तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी समजावलं ते असं: सहा फूट उंच आणि जेमतेम दीड फूट खोल वस्तू, वरच्या अर्ध्यात काच, पितळ आणि पुस्तकं, म्हणजे सगळा भार डोक्यावर. त्यात खालचा ड्रॉवर पुढे ओढला की तोल पुढे जातो, आणि त्याला मूल लोंबकळलं तर मागून धरायला काही नाही. तुमच्या टाइल गुळगुळीत, मागे भिंतीला एक स्क्रूसुद्धा मारलेला नाही. मूल उभं राहायला लागलं की ते पुढच्या महिन्यात चढायला लागतं. तू स्वतः वर्षाचा व्हायच्या आत पणजीच्या मळा भागातल्या आपल्या खोलीत खिडकीच्या गजाला लोंबकळला होतास.

आता त्या शोकेसबद्दल. ती तुमच्या हॉलमध्ये आहे ती माझ्यामुळे. गृहप्रवेशाच्या वेळी टेम्पोत घालून मीच आणली, आणि दारातून आल्या आल्या दिसावी म्हणून समोरच्या भिंतीला मीच लावायला सांगितली. सूनबाईने तेव्हा हलकेच विचारलं होतं, "आई, आतल्या खोलीत चालेल का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माझा जीव तिच्यात का अडकला आहे, तेही तुला ठाऊक असावं. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला, त्याच वर्षी आम्ही पणजीला मळ्यात एका खोलीत संसार मांडला होता. बाबांनी म्हापशाच्या सुताराला ही शोकेस करायला सांगितली होती, अर्धे पैसे आगाऊ देऊन. ती तयार झाली 1987 च्या जानेवारीत, आणि तेव्हा पूल नव्हता. बेतीपर्यंत टेम्पो, पुढे फेरीबोट. पुलावरची सगळी रहदारी फेरीवर आलेली, धक्क्यावर ही गर्दी. बाबा आणि सुताराचा मुलगा दोघे बोटीच्या कडेला शोकेस धरून उभे होते आणि मी काचा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. घरात आमच्या मालकीची पहिली वस्तू ती. त्याआधी कपडेसुद्धा पत्र्याच्या ट्रंकेत.

म्हणून ती सगळ्यांना दिसावी असं वाटायचं. पण त्या दिवशीची किणकिण ऐकल्यापासून मला तिच्याकडे बघायचं झालं की आधी बायचे हात दिसतात.

बाबांनी एक चांगली आठवण करून दिली. ही शोकेस दोन तुकड्यांची आहे. फेरीने न्यायची म्हणून सुताराने मुद्दाम तशी केली होती. खालचं कपाट अडीच फुटांचं, वरचा काचेचा भाग साडेतीन फुटांचा, मध्ये चार स्क्रू. ते स्क्रू त्यांनीच पिळलेत. वरचा भाग आम्ही माशेलला परत आणतो. इथे वसरीत, आतल्या भिंतीला, बाबांच्या पुस्तकांसाठी जागा आहे. खालचा भाग तुम्हाला हवा असेल तरच ठेवा. सूनबाई नको म्हणाली तर तोही आणू. हे मी मनापासून लिहितेय.

हॉलचं माप बाबांनी मुक्कामातच घेऊन ठेवलं होतं, दहा फूट बाय चौदा. सोफा तीन फूट खोल, समोर दीड फुटाची शोकेस, राहिले साडेपाच. त्यात दोन फुटांची टीपॉय. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन फूट. सोफ्यावर बसलेल्याचे पाय त्यातच, ड्रॉवर उघडायचा तोही त्यातच. तू रोज संध्याकाळी बॅग घेऊन आडवा होऊन आत शिरतोस आणि टीपॉयचा कोपरा बरोबर नडगीवर घेतोस, हे मी आठ दिवस पाहिलं. येण्याजाण्याच्या वाटेला सरळ तीन फूट तरी हवेत, निदान अडीच, हातात मूल घेऊन चालता येईल इतके. ती वाट दारापासून बाल्कनीपर्यंत आधी आखून घ्या. सामानाला जागा उरेल त्यातून द्यायची.

यासाठी काही उचलून बघायची गरज नाही. रद्दीतले पेपर घ्या, प्रत्येक वस्तूच्या मापाचा एक चौकोन जोडून करा आणि जमिनीवर पसरून चाला. बाबांनी इथे पडवीत तुमचा अख्खा हॉल नवप्रभाच्या जुन्या अंकांनी मांडला होता. दोन दिवस आम्ही कागदी सोफ्याला वळसा घालून चालत होतो, आणि तेव्हाच लक्षात आलं की अडचण टीपॉयची जास्त आहे. ती बाल्कनीत ठेवा किंवा कुणाला देऊन टाका. चहाच्या कपाला सोफ्याशेजारी एक लहान स्टूल पुरेल. शिवाय तिचे चारही कोपरे बायच्या कपाळाच्या उंचीवर येतात.

दुसरी गोष्ट भिंतींची. शोकेस लावली ती तुमची दक्षिणेची, बाहेरची भिंत. आपल्याकडे पाऊस नैऋत्येचा, दक्षिण आणि पश्चिम अंगावर झोडपतो. माशेलच्या घराला चिऱ्यांच्या जाड भिंती आणि वर हातभर पुढे आलेली पागोळी, पावसाचं पाणी भिंतीला फारसं लागतच नाही. फ्लॅटची भिंत उघडी, चार महिने भिजते आणि ओल आत झिरपते. शोकेस भिंतीला चिकटवून ठेवली, मागे वारा नाही. मी ग्लासं पुसायला काढली तेव्हा मागच्या फळीवर पांढरट-करडी बुरशी होती, बोटाला पिठासारखी लागली. आत उग्र वास. फळी अजून चांगली आहे, पण खालच्या कडेचं प्लाय फुगायला लागलंय. मला न सांगता सूनबाई दर रविवारी ते पुसते, हे मला त्या दिवशी कळलं. कपड्याची घडी शोकेसच्या मागेच खोचून ठेवलेली होती.

तेव्हा खालचं कपाट उत्तरेच्या भिंतीला जाऊ दे, तुमच्या बेडरूमच्या भिंतीला. ती आतली, कोरडी. तिथे सोफ्यामागे दडलेला एक प्लग आहे, बाबांनी वाकून पाहिला, टीव्हीला तोच उपयोगी पडेल. टीव्ही कपाटावर नुसता ठेवू नका, तोही ओढला की येतो. भिंतीला पक्का बसवून घ्या, आणि कपाटालासुद्धा मागून दोन एल-पट्ट्या मारून घ्या. इलेक्ट्रिशियनला आधी भिंतीतली वायर कुठून गेलीय ते बघायला सांग, मगच ड्रिल. ड्रॉवरना लहान मुलांसाठीचे खटके मिळतात, तेही लावा.

सोफा मग समोर, दक्षिणेला. तो लाकडी चौकटीचा, पायांवर उभा, गाद्या सुट्या निघतात, त्यामुळे ओल त्याला तितकी बाधत नाही. तरी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, पावसाळ्यात गाद्या अधूनमधून उभ्या करा. आणि बाल्कनीच्या भिंतीपासून दोन फूट अलीकडे सरकवा. आता त्याचा हात सरकत्या दाराच्या आड येतो म्हणून तुम्ही एकच झडप उघडता आणि पंखा पाचवर. दोन्ही झडपा उघडल्या की संध्याकाळचा वारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत येईल. जेवणाचं टेबल त्याच भिंतीला, स्वयंपाकघराकडे, एक बाजू भिंतीला लावून. चौघं जमले तर ओढायचं पुढे.

एवढं केलं की मधला पाच फुटांचा पट्टा दारापासून बाल्कनीपर्यंत मोकळा. तिथे चटई टाका. बायला पडायला, उठायला जागा पाहिजे.

राहिला बाल्कनीजवळचा उत्तरेचा कोपरा. तिथे काही सजवू नका. तीन फुटांचं एक साधं टेबल आणि पाठीची खुर्ची सूनबाईसाठी ठेव. ती बिछान्यावर मांडी घालून, मान वाकवून दिवसभर काम करते. रात्री मान दाबताना मी पाहिली. विचारलं तर म्हणाली, "सवय झालीय." दाराकडे तोंड केलं तर दुपारचं पश्चिमेचं ऊन डोळ्यांत येईल, पाठ केली तर स्क्रीनवर चकाकेल. टेबल भिंतीला लाव, म्हणजे उजेड बाजूने येईल. या घरात तुझी खुर्ची आहे, माझी शोकेस होती, बायचा पाळणा आहे. तिची म्हणावी अशी जागा मला कुठे दिसली नाही, आणि ती अडवून मीच बसले होते.

हे सगळं मिरगाच्या आत करा. जूनचा पहिला आठवडा उलटला की पाऊस कधीही धरेल, मग ओल्या फळ्या सुकायच्या नाहीत. आता कडक ऊन आहे. ड्रॉवर आणि मागची फळी काढून बुरशी ओलसर फडक्याने पुसा, मग दोन दिवस बाल्कनीत तापू दे. पुसताना नाकाला रुमाल बांधा आणि बायला दुसऱ्या खोलीत ठेवा.

सरकवताना घाई नको. आधी सगळं रिकामं करायचं. पायांखाली जुनी गोधडी घडी करून घालायची आणि खालून धरून ओढायचं, म्हणजे टाइलला ओरखडा येत नाही आणि पायही मोडत नाहीत. वरून कुणी ढकलायचं नाही. तू वरून ढकलतोस, लहानपणापासूनची सवय आहे तुझी, म्हणून दोनदा लिहितेय: वरून ढकलायचं नाही.

रविवारी सकाळी बाबा येतात. शेजारच्यांचा टेम्पो सांगितलाय, आठला इथून निघतील. स्क्रू गंजले असतील म्हणून तेलाची बाटली आणि जुना लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन येताहेत. मीही येते. काचा मीच मांडीवर घेऊन बसेन.

तोवर खालचे ड्रॉवर दोरीने बांधून ठेव. हे पत्र वाचलंस की लगेच, जेवायच्या आधी. ग्लासं आणि पितळेची भांडी पेपरात गुंडाळून खोक्यात भरा. निळ्या नक्षीच्या कपबशा सूनबाईला आवडतात, त्या तिने ठेवून घ्याव्यात. सहापैकी एका बशीला तडा आहे, ती वेगळी काढ.

येताना सोलं आणि मिरच्या आणते. बायला माझा मुका.

तुझी,
आई