‘तुम्हाला काय घाई आहे घरी जायची?’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका बँकेच्या निरनिराळ्या शाखांमध्ये ३१ वर्षे नोकरी करून मी नुकतीच निवृत्त झाले. मला मूल नाही. का नाही, याचा खुलासा मी मुद्दामच करत नाही, कारण माणसाशी समजुतीने वागायचे की नाही हे त्या खुलाशावर ठरू नये, असे मला मनापासून वाटते.

मे महिन्यातील आणि दिवाळीतील रजा हा आमच्या शाखेत दरवर्षी कटुतेचा विषय असे. मुले असलेल्यांचे अर्ज आधी मंजूर होत आणि उरलेल्या दिवसांतून मला निवड करावी लागे. मार्चअखेरीला रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत थांबायची वेळ आली, की ‘तुम्हाला काय घाई आहे घरी जायची?’ असे अगदी सहज, मनात कोणताही वाईट हेतू नसताना विचारले जाई. त्या काळात माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले होते. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या बाई सहा वाजता निघून जात आणि त्यानंतर त्यांना कुशीवर वळवायला, दोन घास भरवायला माझे यजमान येईपर्यंत घरात कोणी नसे. मूल नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे सहकाऱ्यांनी धरून चालले होते, आणि सांगून काही उपयोग होणार नाही, असे मी धरून चालले होते.

त्याच सुमारास शेजारच्या काउंटरवरील सहकारी प्रसूती रजेवर गेली. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ते पाऊल योग्यच होते. मात्र तिच्या जागी आमच्याकडे बदली कर्मचारी आला नाही. तिचे काम आम्हा दोघींवर येऊन पडले, आणि माणूस न देणाऱ्या व्यवस्थापनाला जाब विचारण्याऐवजी आम्ही मनातल्या मनात तिच्यावर राग धरला. ती परत आली आणि रोज साडेपाचच्या ठोक्याला पर्स उचलू लागली, तेव्हा आमच्या नजरा बोलत असत. मीही त्यात होते.

एके दिवशी बाळाला ताप असल्याचा पाळणाघरातून फोन आला. त्या दिवशी ती कॅश काउंटरवर होती आणि हिशेब जुळल्याशिवाय तिला उठता येत नव्हते, म्हणून मी गेले. पाळणाघर सहाला बंद होत असे आणि उशीर झाला तर जादा पैसे द्यावे लागत, शिवाय बोलणी खावी लागत, ती वेगळी. पावणेसहापासून एकेक आई धापा टाकत जिना चढताना मी पाहत होते. बाळाला कडेवर घेऊन, त्याची पिशवी आणि न संपलेली दुधाची बाटली सांभाळत रिक्षाची वाट पाहताना माझ्या लक्षात आले, की साडेपाचला आमच्या या सहकारीची दुसरी पाळी सुरू होते आणि ती रात्रभर चालते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिने मला विचारले, “ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं?” मी वडिलांविषयी सांगितले. पुढच्या मार्चअखेरीला तिने आपणहून सकाळी साडेआठला येऊन माझ्या वाट्याचे अर्धे काम उरकायला सुरुवात केली, कारण सकाळी तिच्या सासूबाई बाळाजवळ असत. मे महिन्याची रजा मी तिला सोडली आणि गणपतीतली तिने मला. साहेबांना फक्त मंजुरीची सही करावी लागली.

हा अनुभव दोघींपुरता होता. घराघरांत चित्र वेगळे आहे. डोहाळजेवणात माझ्यापर्यंत येऊन दुसरीकडे वळलेला ओटीचा हात मी विसरलेले नाही. मूल हवे असून न झालेल्यांची कीव केली जाते आणि नको म्हणणाऱ्यांना स्वार्थी ठरवले जाते. १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या आणि पुढे यशवंतला दत्तक घेणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या, तसेच १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू करून स्वतः मूल होऊ न देणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या महाराष्ट्रात हे व्हावे, याचे वाईट वाटते. उलट बाजूही तितकीच कठोर आहे. एसटीत रडणाऱ्या लेकराच्या आईला ‘सांभाळता येत नाही तर कशाला आणता?’ असे सुनावणाऱ्यांत आम्हीही असतो.

‘म्हातारपणी तुमचे कोण करणार?’ हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला. पण २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा मुले असलेल्या आईवडिलांसाठीही करावा लागला, आणि त्याच कायद्याने निपुत्रिक ज्येष्ठांना त्यांची मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडे निर्वाह मागण्याचा हक्क दिला. म्हणजे ही धास्ती दोघांचीही आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा, अशी तरतूद २०१७ मध्ये झाली. पण आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या शाखेला तिचा लाभ पोचला नाही. लहान कार्यालयांनी शेजारच्या कार्यालयांबरोबर मिळून पाळणाघर चालवावे आणि प्रसूती रजेच्या काळात बदली माणूस देणे बंधनकारक व्हावे. दुसरे असे, की राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची आणि केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना त्याआधीपासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. तिचा एक दिवसही कमी न करता, अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची, जोडीदाराची किंवा भावंडाची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला, मग त्याला मूल असो वा नसो, तशीच स्वतंत्र रजा मिळावी. माझ्या वडिलांसाठी मी साठवलेली अर्जित रजा वापरली आणि ती संपल्यावर शेवटचे १९ दिवस बिनपगारी काढले.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा