बाटलीतल्या चिठ्ठीवर माझ्या मुलाचं नाव लिहिलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे. जे झालं ते चारचौघांना कळायला हवं.

यंदा मे महिन्यात माझा अकरा वर्षांचा मुलगा शिबिराबरोबर उत्तराखंडला जाऊन आला. आला तो रापलेला, आनंदात. जूनमध्ये त्याचा घोळणा फुटायला लागला. दिवसाआड, कधी वर्गात, कधी झोपेत, आणि दर वेळी उजव्याच नाकपुडीतून. उशीचे अभ्रे भिजत घालून घालून मी थकले. आम्ही तीन डॉक्टरांच्या पायऱ्या चढलो. पहिले म्हणाले, उष्णता आहे, होतं असं. दुसऱ्यांनी नाकात बोटं घालतोस म्हणून त्यालाच दम भरला. तिसऱ्यांकडे तो धीर करून म्हणाला, "काका, आत काहीतरी हलतं." ते हसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, मोबाइल फार बघतो का?

त्या दिवसापासून तो त्याविषयी बोलेनासाच झाला. रक्त जाण्यापेक्षा मला त्याचं हे गप्प होणं जास्त लागलं. आणि मॅडम, मीही त्यात होते. रिक्षात बसल्यावर "उगाच काहीतरी बोलू नकोस" हे मीच त्याला म्हणाले होते. ते वाक्य अजून माझ्या घशात अडकलंय.

तुमचा नंबर भाचीनं दिला. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला शंका आली, पण ठाम सांगायची तिची हिंमत होईना. रात्री साडेनऊला मी भीत भीत फोन लावला, घाईघाईनं सगळं सांगायला लागले, तर तुम्ही मध्येच म्हणालात, "त्याला द्या फोन."

पाणी कसं प्यायलास, हे तुम्ही त्याला विचारलंत. झऱ्याला तोंड लावून, तो म्हणाला. मग, हलतं ते कधी? तो थोडा थांबला. "आंघोळीला बादलीवर वाकलो की." आणि तुम्ही म्हणालात, "शाबास. हे फार महत्त्वाचं सांगितलंस." फोन स्पीकरवर होता. माझ्या पोराचा चेहरा मी बघत होते. महिनाभर कोणी त्याला शाबास म्हटलं नव्हतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे परातीत गार पाणी घेतलं, त्याला त्यावर वाकायला लावलं आणि मी बॅटरी धरून बसले. ओढायला जाऊ नका, नुसतं बघा, असं तुम्ही तीनदा बजावलं होतंत. पाच मिनिटं काहीच नाही. मग नाकपुडीच्या कडेला काळपट, ओलं, चमकणारं टोक आलं, पाण्याच्या दिशेनं लांबलं, इकडेतिकडे चाचपलं आणि परत आत गेलं. माझ्या हातातली बॅटरी परातीत पडली. मुलगा मात्र शांत होता. एवढंच म्हणाला, "बघितलंस ना आई?"

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाक बधिर करून ती काढली. करंगळीएवढी जळू. तुमच्या सांगण्यावरून त्यांनी ती कचऱ्यात न टाकता स्पिरिटच्या बाटलीत घातली. त्यांचेही आभार. आपल्याला माहीत नाही हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं आणि तुम्हाला फोन लावून विचारलं. आधीच्या तिघांपैकी एकानं जरी एवढं केलं असतं, तर माझ्या मुलाचं महिनाभर रक्त गेलं नसतं.

१५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून बाटली घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही तिचे जबडे सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दाखवलेत, नाव सांगितलंत, डिनोब्डेला फेरॉक्स. डायनोसॉरमधला 'डायनो' आणि यातला 'डिनो' एकच, अर्थ भयंकर, हे कळल्यावर त्याची कळी खुलली. ही पिल्लू असताना पाणी पिणाऱ्या गुराच्या, माकडाच्या किंवा माणसाच्या नाकातोंडात शिरते, आठवडेच्या आठवडे आत राहून वाढते. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, १८८४ मध्ये हेक्राफ्ट नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं ते दाखवून दिलं. म्हणूनच रक्त थांबत नव्हतं. माझ्या मनातली शिसारी तिथेच निम्मी गेली. जगात जळवांच्या सातशेच्या आसपास जाती आहेत, सगळ्या रक्त पीत नाहीत, काहींची आई तर पिल्लं पोटाला चिकटवून हिंडते, हे मला कोण सांगणार होतं?

मग तुम्ही पेरूमधल्या त्या मुलीची गोष्ट सांगितलीत. २००७ मध्ये तिच्या नाकातून जळू निघाली. तिथल्या डॉक्टरांनी ती फेकली नाही, जपून अभ्यासकांकडे पाठवली. एकच जबडा आणि त्यावर मोठाले आठ दात. २०१० मध्ये ती नवी जात म्हणून जाहीर झाली, टायरॅनोब्डेला रेक्स. आणि डीएनए जुळवून पाहिला तर तिची नातलग निघाली आपल्याकडची ही डिनोब्डेला. मध्ये अख्खा महासागर! खंड एकमेकांना जोडलेले होते तेव्हाच यांचा पूर्वज जगभर पसरला असावा, असा त्या अभ्यासकांचा अंदाज. मुलगा किती वेळ त्या बाटलीकडे बघत बसला होता. "म्हणजे हिच्या पोटात माझा डीएनए आहे?" त्यानं विचारलं. "असणारच," तुम्ही म्हणालात, आणि व्हिएतनामच्या जंगलातल्या जळवांच्या पोटातल्या रक्तावरून तिथल्या दुर्मीळ सशाचा पत्ता २०१२ मध्ये कसा लागला ते त्याला समजावून दिलंत. अकरा वर्षांच्या मुलाशी तुम्ही तासभर बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोललात.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दोन मिनिटांबद्दल. तुम्ही जाड कागदाची बोटभर पट्टी कापलीत आणि पेन्सिलला टोक केलंत. शाई स्पिरिटमध्ये उतरते, शिसं टिकतं, असं त्याला सांगितलंत. मग बारीक अक्षरात जातीचं नाव, गाव, झरा, तारीख लिहिलीत. शेवटी 'संग्राहक' लिहून त्याला पूर्ण नाव विचारलंत. मी म्हटलं, अहो, काढली तर डॉक्टरांनी. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांनी काढली. शोधली यानं."

मॅडम, मला तिथे रडू आवरलं नाही. तुम्ही तिकडे न बघितल्यासारखं केलंत, तेही लक्षात आहे. ज्याच्या बोलण्यावर त्याच्या आईनंही विश्वास ठेवला नाही, त्याचं नाव आता तुमच्या कपाटात, पेन्सिलीनं, कायमचं आहे.

गेल्या रविवारी आम्ही कोयनेकडे गेलो होतो. त्याच्या घोट्याला जळू लागली. मी सवयीनं मिठाची पुडी काढली, तर त्यानं माझा हात धरला. "मीठ नको, ती पोटातलं जखमेत ओकते. मॅडमनी सांगितलंय." नखानं तिचं तोंड अलगद सोडवून त्यानं तिला पानावर ठेवलं आणि वहीत लिहिलं: डावा घोटा, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, रिमझिम. अशी चार पानं भरली आहेत. तुम्हाला पाठवू का, असं विचारायला त्यानं सांगितलंय.

आपली,
एक आई, सातारा