गुझी घ्यावी की नाही, असं विचारलंस म्हणून

नागपूर, धरमपेठ
8 जून

प्रिय बाल्या,

तुझं पत्र ऐन नवतप्यात आलं. उत्तर त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण 45 डिग्रीच्या दुपारी कूलरसमोर बसून एवढ्या मोठ्या गोष्टीवर मत द्यावंसं वाटेना. काल संध्याकाळी दोन दमदार सरी पडल्या, आज जरा बरं वाटून राहिलं. आता निवांत लिहितो.

तर तुला पुण्यात मोटो गुझी व्ही-9 रोमर ही इटालियन मोटारसायकल सेकंडहँड मिळते आहे, गाडी मनात भरली आहे, आणि ऑफिसातली पोरं सांगून राहिली आहेत की हे जुनाट तंत्र आहे, एवढ्या पैशात रेडिएटरवाली, दुप्पट ताकदीची जपानी गाडी येते. मी तीच गाडी नागपुरात चालवतो म्हणून तू मला विचारलंस. गाडी चांगल्या अवस्थेत असेल तर घे, असंच मी सांगेन. ती पोरं ज्याला जुनाट म्हणतात ना, त्याच गोष्टींच्या जोरावर मी ही गाडी इथे, पुण्यापासून सातशे किलोमीटरवर, निर्धास्त बाळगून आहे. नवी कोरी, सेन्सरांनी भरलेली गाडी असती तर मला ती ट्रकमध्ये घालून पाठवत बसावी लागली असती. एका वर्कशॉपनं साध्या सर्व्हिसिंगसाठी मला तसंच सुचवलंही होतं. मी फोन ठेवला आणि स्वतः पाने हातात घेतले.

आधी इंजिन समजून घे, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. या गाडीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा, गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेला आहे. त्यामुळे 90 अंशांत मांडलेले दोन्ही सिलिंडर टाकीखालून डावी-उजवीकडे बाहेर डोकावतात, आणि दोघांनाही समोरून थेट वारा लागतो. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पिचकणारे पाइप नाहीत. गिअरबॉक्सही त्याच रेषेत मागे, आणि तिथून चाकापर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट. साखळी नाहीच. आपल्या मातीच्या रस्त्यांवर साखळी धुवा, तेल लावा, ताण बघा, हा सगळा व्याप वाचतो. 853 सीसी, 55 हॉर्सपॉवर. आकडा लहान दिसतो, पण 62 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिनिटाला 3000 फेऱ्यांनाच मिळतो, आणि आपण रोज चालवतो ती गाडी त्याच फेऱ्यांच्या आसपास असते.

आता तो दिवस सांगतो ज्या दिवशी ही गाडी खऱ्या अर्थानं माझी झाली. दिवाळीची सुटी होती. टॅपेट सेट करायचे होते, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली बारीक फट मापात आणायची होती. इंजिन पूर्ण थंड लागतं, म्हणून सकाळीच अंगणात गाडी पॅडॉक स्टँडवर उभी केली. मोमिनपुऱ्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं होतं. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. उभी हयात अँबॅसडर आणि फियाटवर गेलेली. त्यांनी ही गाडी कधी पाहिली नव्हती. आधी बराच वेळ नुसतं निरखत बसले. मग क्लच कोरडा, एका प्लेटचा आहे असं मी म्हटलं, तसे त्यांचे डोळे चमकले. "भाऊ, ये तो फियाट जैसाच हिसाब है," म्हणाले, आणि पुढचं सगळं काम त्यांना ओळखीचंच वाटायला लागलं.

काम असं असतं. पाटावर बसलास की सिलिंडरचं डोकं तुझ्या छातीसमोर येतं. टाकी काढायची नाही, काही खोलत बसायचं नाही. प्लग काढायचे, वरचं झाकण उतरवायचं, की रॉकर उघडे दिसतात. गाडी सहाव्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. पिस्टन वर आला आणि दोन्ही रॉकर सैल लागले की तो सिलिंडर बरोबर जागेवर आहे. मग फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांमधलं, पातळ पातं रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवायचं. पात्याला हलकी ओढ लागली पाहिजे, अडकायलाही नको आणि सुळकन निघायलाही नको. फटीचं माप जमलं की स्क्रू धरून ठेवत लॉकनट कसायचा, आणि पुन्हा पातं घालून बघायचं, कारण नट कसताना माप थोडं हलतंच. चाचांनी एक बाजू केली, दुसरी मला करायला लावली. मुलगी टॉर्च धरून उभी होती. मी माप धरलं की चाचा पातं स्वतः ओढून बघायचे आणि नुसती मान हलवायचे. झाकणं बसवून गाडी सुरू केली, तेव्हा तो टिकटिक आवाज दोन्ही बाजूंनी अगदी सारखा येत होता. माझ्या आयुष्यात इतकं समाधान फार थोड्या कामांनी दिलं आहे, बाल्या.

हेच काम तुझ्या ऑफिसातल्या पोरांच्या चार सिलिंडरवाल्या गाडीत करायचं म्हटलं तर टाकी, एअरबॉक्स उतरवा, कॅमशाफ्ट काढा, मापाच्या चकत्या मागवा. ती गाडी वाईट नाही, पण ती वर्कशॉपशिवाय जगू शकत नाही. गुझी जगते.

इटालियन म्हणून सुट्या भागांची भीती वाटते ना तुला? थोडी खरी आहे. 150/80-16 चा मागचा टायर इथे दुकानात तयार मिळत नाही, आधी मागवून ठेवावा लागतो. फिल्टर, गॅस्केट, क्लचची केबल मी घरात जादाच ठेवतो. तेल 10डब्ल्यू-60, ते आता ऑनलाइन सहज मिळतं, आणि एवढं दाट तेल आपल्या उन्हाळ्यात इंजिनाला मानवतंही. पण इटलीची यंत्रं आपल्याला परकी कुठे आहेत? गुझी 2004 पासून पियाज्जिओकडे आहे. त्याच पियाज्जिओची आपे रिक्षा बारामतीत बनते आणि इतवारीच्या बोळाबोळातून माल वाहते.

तुला या कंपनीचा जन्म कसा झाला ते माहीत आहे का? मला हे तुला सांगायचंच होतं. पहिल्या महायुद्धात इटलीच्या नौदलाच्या विमानदळात तिघं एकत्र होते. कार्लो गुझी मेकॅनिक, जोर्जो पारोदी आणि जोव्हानी राव्हेल्ली वैमानिक. युद्ध संपलं की तिघांनी मिळून मोटारसायकली बनवायच्या असं ठरलं होतं. गुझीनं यंत्र घडवायचं, पारोदीनं पैसा उभा करायचा, राव्हेल्लीनं शर्यती जिंकून द्यायच्या. युद्ध संपलं, आणि 1919 मध्ये राव्हेल्ली विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी 1921 मध्ये कंपनी काढली आणि त्याच्या आठवणीसाठी वैमानिकांचा पंख पसरलेला गरुड चिन्ह म्हणून घेतला. माझ्या टाकीवर आहे तो हाच गरुड. पहिल्या वर्षी जेमतेम 17 गाड्या बनल्या. कारखाना कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारियोला, आणि आजही तिथेच आहे. गाडी धुताना त्या गरुडावरून फडकं फिरतं तेव्हा मला दर वेळी त्या तिघांची आठवण होते, आणि आपलीही. आपणही हॉस्टेलच्या गच्चीवर काय काय मनसुबे रचले होते!

क्रूझरचा वारसाही यांचा खरा आहे. व्ही-7 या जुन्या मॉडेलसाठी हे दोन बाजूंना डोकावणाऱ्या सिलिंडरांचं इंजिन जुलियो चेझारे कारकानोनं बनवलं. ती गाडी 1967 मध्ये बाजारात आली, आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ती गस्तीसाठी घेतली. रुंद हँडल, मोठी सीट, काच, दिवसभर बसता येईल अशी बैठक. त्यातूनच पुढे कॅलिफोर्निया हे मॉडेल आलं. तुझ्या-माझ्या व्ही-9 चं लहान इंजिन मात्र लिनो तोंतीच्या हातचं, 1970 च्या दशकातल्या व्ही-35 आणि व्ही-50 च्या घराण्यातलं. म्हणजे ही जवळजवळ पन्नास वर्षं घासून-तासून सुधारत आणलेली रचना आहे. पोरांना सांग हे.

चालवायला कशी आहे म्हणतोस. शहरात ठीक. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला मे महिन्यात कुठलंच इंजिन सुखी नसतं. हिरव्या जाळीची सावली असते तेवढाच आधार. सिलिंडर गुडघ्यांच्या पुढे असल्यामुळे पाय भाजत नाहीत, पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो आणि उभं राहिलं की तो मिळत नाही. म्हणून एप्रिल-मे मी गाडी सकाळी नऊच्या आत घरी आणतो. हा नियम मी मोडत नाही, तूही मोडू नको.

पण जानेवारीच्या शेवटी काटोल, जलालखेडा, वरुड या रस्त्यानं तू माझ्यासोबत यायला पाहिजे होतंस. संत्र्याला आंबिया बहार फुटायला लागलेला असतो, दोन्ही बाजूंना बागा, आणि हवा थंड असल्यामुळे वास जमिनीलगत दाटलेला असतो. हेल्मेटची काच वर करून सत्तरच्या वेगानं चालवायचं. मोठ्या गिअरमध्ये इंजिन शांतपणे धडधडत राहतं, मांड्यांना, तळव्यांना त्याचा ठोका लागत राहतो. ओव्हरटेकला गिअर पाडावा लागत नाही, मनगट थोडं वळवलं की गाडी पुढे. चिखलदऱ्याच्या घाटातही तसंच. परतवाडा सोडलं की मी तिसरा गिअर टाकतो आणि वळणांमागून वळणं त्यावरच काढतो. वर पोचलो की तिथली कॉफी. विदर्भात कॉफी पिकते हे पुण्यात कोणाला पटत नाही, तू तरी पटवून दे.

मनसरच्या पुढचा पेंचमधला रस्ताही तुला दाखवायचा आहे. वाघ-चितळांना खालून जाता यावं म्हणून तिथे महामार्गच खांबांवर उचलून घेतला आहे, आणि प्राणी खरोखर त्याखालून जातात. तिथून जाताना मी ॲक्सिलरेटर अगदी सैल सोडतो.

समृद्धीचं म्हणशील तर 2022 च्या डिसेंबरात तो आधी शिर्डीपर्यंत खुला झाला तेव्हापासून दुचाकीला त्यावर बंदीच आहे. मला त्याची खंत नाही. ही गाडी जुन्या रस्त्याची आहे. गाव लागलं की हळू व्हायचं, चहाला थांबायचं, लोकं भोवती जमतात, "भाऊ, कोणती गाडी होय?" विचारतात, त्यांना इंजिन दाखवायचं.

आता गाडी बघायला जाशील तेव्हा एवढं कर. आधी उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर पिळून बघ. ती उजवीकडे झुकेल. घाबरू नको, क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेनं फिरतो म्हणून तसं होतं, चालताना जाणवत नाही. मग चढाच्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात पिळ. फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट गेलेली आहे. ती बदलायला गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवावा लागतो, मोठं काम आहे, तेवढे पैसे किमतीतून सरळ कमी करून माग. मागच्या चाकाजवळच्या शाफ्टचं तेल कधी बदललं ते विचार. बहुतेक मालक साखळी नाही म्हणून ते विसरूनच जातात. चुंबकाच्या बोल्टवर करडा लगदा दिसला तर चालेल, लोखंडाचे कण दिसले तर तिथून निघून ये. झाकणांच्या कडेला तेल ओलसर दिसलं तर गॅस्केट बदलावं लागेल, ते आपण करू. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघ, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसची सगळी बिलं माग. कागदपत्रांचं टेन्शन नाही, गाडी महाराष्ट्रातलीच आहे.

वहिनींचा विरोध वजनाला आहे असं तू लिहिलंस. त्यांना सांग, क्रूझरमध्ये ही हलक्यातली आहे, दोनशे किलोच्या आसपास, आणि सीट इतकी खाली की दोन्ही पाय पक्के टेकतात. एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. एकदा त्यांना मागे बसव आणि सिंहगडापर्यंत नेऊन आण, मग त्या काय म्हणतात ते मला कळव.

टायरचे आणि ओडोमीटरचे फोटो आधी पाठव. पटलं तर मालकाला पुढच्या शनिवारपर्यंत थांबायला सांग. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतो, फीलर गेज आणि पान्यांची पिशवी घेऊनच येतो. व्यवहार झाला तर पहिली लांबची फेरी इकडेच करू. संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, जुन्या रस्त्यानं. जालन्यात मुक्काम. घरी पोचलो की दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना बोलावू आणि तुझ्या गाडीचे टॅपेट तुझ्याच हातानं करू. आईला सांगून ठेवलं आहे, ती पाटोडीची भाजी करणार आहे. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
गुड्डू