मुलांच्या हातच्या कुकीज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मुलांना हाताशी घेऊन कुकीज करण्याचा तुझा बेत वाचून आनंद झाला. एवढ्या लहान मुलांकडून काय करून घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की, त्यांना कामाचे नाटक करायला न लावता खरे काम द्यावे आणि त्यासाठी कृतीच अशी निवडावी की, त्यांच्या हातून थोडेफार इकडेतिकडे झाले तरी चालून जाईल.

शॉर्टब्रेड नावाच्या खुसखुशीत कुकीजची कृती तशी आहे. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर आणि १०० ग्रॅम पिठीसाखर एवढेच तिला लागते. अंडे नाही की बेकिंग पावडर नाही. बटर आधीच फ्रिजबाहेर काढून ठेव. बोटाने दाबल्यावर त्यात खळगा पडावा, पण ते वितळलेले नसावे. ते साखरेबरोबर फेसून झाले की मैदा घालायचा आणि गोळा जमताच हात थांबवायचा, कारण मळत राहिल्यास मैद्यातले ग्लुटेन हे चिवट प्रथिन बळकट होते आणि कुकी खुसखुशीत न होता कडक होते. मुलांना नेमके थांबणेच नको असते! त्यांना एक लहानसा गोळा वेगळा काढून दे, तो हवा तितका तिंबू दे आणि वेगळा भाजून दोन्हींची चव घ्यायला लाव. फरक तीच सांगतील.

हातांच्या उबेने बटर सैल पडते, म्हणून गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. थंड पिठाचे आकार भाजताना पसरत नाहीत. लाटण्याची जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर असावी. साचा मैद्यात बुडवून सरळ खाली दाबायचा असतो, पण मुले तो हमखास फिरवतात आणि सशाचा कान साच्यातच राहतो. तो कान त्यांनाच चिकटवू दे, आपण नीटनेटका करायला जाऊ नये. पातळ झालेले नमुने मात्र वेगळ्या ट्रेमध्ये ठेव, नाहीतर जाड कुकीज भाजून होईपर्यंत ते करपतील.

एका बाबतीत कडक राहा: अंडे नसले तरी कच्च्या मैद्यात रोगजंतू असू शकतात, म्हणून बोटे चाटायची नाहीत, हे सुरुवातीलाच बजाव. ओव्हन अर्थातच तुझ्याकडे. तो १७० अंशांवर आधी तापवून घे आणि बारा-पंधरा मिनिटांत कडा सोनेरी दिसू लागल्या की ट्रे बाहेर काढ. मधला भाग तेव्हा मऊच लागेल, पण निवताना तो घट्ट होतो. तोवर ट्रेला कोणी हात लावणार नाही एवढे पाहा.

नमुन्यांचे फोटो अवश्य पाठव.

तुझा मित्र